संगणकविद्या आणि कला-विज्ञान महाविद्यालये

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी नावाचे एक लहानसे स्थानक लागते. बारावीचा निकाल लागला, की अशा गावातील घरांत, आणि पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतही, एक वाद हटकून निघतो. मुलाला किंवा मुलीला संगणक शिकावयाचा आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे शुल्क झेपत नाही, किंवा हव्या त्या ठिकाणी प्रवेश मिळत नाही. मग उरते ते परभणीतील एखादे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आणि तेथील संगणकशास्त्राची बी. एस्‌सी. ती पदवी घ्यावयाची म्हणजे मानहानीच, असा घरातील वडीलधाऱ्यांचा चेहरा होतो. ज्या इमारतीत शेजारच्या वर्गात मराठी कविता आणि मराठ्यांचा इतिहास शिकविला जातो, तेथे ही नवी यंत्रविद्या ती काय मिळणार, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत जितकी सार्वत्रिक आहे, तितकीच ती इतिहासाच्या दृष्टीने निराधार आहे.

वस्तुतः पिंगळीच्या मुलापुढे असा वाद उभा राहणे हेच मुळी अलीकडचे भाग्य होय. १९४८ पूर्वी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले, आणि मराठवाड्यातील मराठी मुलाला बीजगणित शिकण्यापूर्वी परकी लिपी गिरवावी लागे. त्या विद्यापीठाने आधुनिक गणित व पदार्थविज्ञान एका भारतीय भाषेत उतरविण्याचा मोठा उद्योग केला, हे त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मात्र ती भाषा येथील शेतकऱ्याच्या घरातील नव्हती. १९५० मध्ये नांदेडचे पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय निघाले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ आले. परभणीची महाविद्यालये आज त्याच विद्यापीठाशी संलग्न आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकाच छपराखाली साहित्य आणि गणित शिकविणे ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातून बी. ए. केले ते गणित घेऊन. १८८५ मध्ये पुण्यास फर्ग्युसन कॉलेज निघाले, त्याचा विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाला आणि परत येऊन त्याच कॉलेजचा प्राचार्य झाला. गणित हे त्या काळी कलाशाखेचेच एक अंग मानले जाई, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

या परंपरेतील सर्वांत विलक्षण पुरुष म्हणजे प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात १९०७ साली जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले कोसंबी सुमारे बारा वर्षे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत होते. संख्याशास्त्राचा प्रत्यक्ष उपयोग पाहावा म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी काट्यावर तोलण्यास आरंभ केला. नाणे हातोहाती फिरताना झिजते, आणि ही झीज शेकडो नाण्यांवर मोजली तर नाणी किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येतो. ही नाणी पाडली कोणी, हा प्रश्न पुढे आला आणि त्यासाठी संस्कृत ग्रंथ उघडावे लागले. ते उघडताच भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती हाती आली, जी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यंतरी, १९४३ मध्ये, त्यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. एखादी सतत बदलणारी गुंतागुंतीची राशी थोड्या मूलभूत आकृत्यांच्या बेरजेने कशी मांडावी, हा त्याचा विषय. पुढे ही पद्धत कार्हुनेन आणि लोएव्ह या दोन पाश्चात्त्य गणितज्ञांच्या नावाने रूढ झाली. आज चित्रे आणि मोजमापांचे प्रचंड ढीग संगणकावर आटोपशीर करण्यासाठी तिचा उपयोग होतो. एका कला-विज्ञान महाविद्यालयातील, नाणी तोलणाऱ्या आणि संस्कृत वाचणाऱ्या अध्यापकाने ती आधी मांडली होती, हे पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक असेल.

१९४५ मध्ये कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. मुंबईच्या याच संस्थेत पुढे आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचा पहिला मोठा संगणक तयार झाला. त्याची प्रायोगिक प्रतिकृती १९५६ मध्ये चालली आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये सुरू झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची होती. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. हे यंत्र उभारणाऱ्यांपैकी कोणापाशीही संगणकशास्त्राची पदवी नव्हती, कारण तशी पदवी तेव्हा देशात कोठेच मिळत नसे. गणित आणि पदार्थविज्ञान या जुन्या विषयांच्या शिदोरीवर त्यांनी ते काम पार पाडले.

परंतु संगणकशास्त्र म्हणजे केवळ यंत्र नव्हे. यंत्राला द्यावयाच्या आज्ञांची निःसंदिग्ध रचना हा त्या शास्त्राचा गाभा, आणि तो समजण्यास यंत्रसुद्धा लागत नाही. श्रोत्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या लिहावी, समजा, ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले तर ५४३२ होतात, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच करावे : ८७३० उणे ०३७८, म्हणजे ८३५२. आणखी एकदा : ८५३२ उणे २३५८, म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा ही क्रिया केली तरी ६१७४ हलत नाही. संख्या कोणतीही घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तेथेच येऊन थांबावे लागते. हा शोध दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा. ते फर्ग्युसनचेच पदवीधर. विद्यार्थिदशेत, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले होते. त्यानंतर त्यांनी सारा जन्म देवळालीच्या शाळेत शिक्षकी करीत काढला. वर जे केले ती एक आज्ञावलीच होय : आरंभ, ठराविक क्रिया, ती पुन्हा पुन्हा करणे आणि थांबण्याची खूण. संगणकावर आज्ञा लिहू लागणारे विद्यार्थी ठिकठिकाणी हीच क्रिया गिरवितात.

कला महाविद्यालयात संगणक आणण्याचा पहिला गाजलेला प्रयोग मात्र परदेशात झाला. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांना असे वाटे, की साहित्य आणि इतिहास शिकणाऱ्यांनाही संगणक वापरता आला पाहिजे. त्यासाठी त्यांनी बेसिक नावाची सोपी आज्ञाभाषा रचली. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता ती प्रथम चालली. विशेष हे, की तिच्यामागील बरेचसे काम पदवीच्या विद्यार्थ्यांनीच केले होते.

मग आपल्याकडे ही विद्या अभियंत्यांची मिरास कशी झाली? १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, त्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि संगणकाच्या धंद्यानेही तेथूनच माणसे उचलण्यास आरंभ केला. पदवीचे नाव पाहून निवड करणे नोकरी देणाऱ्यास सोयीचे असते. ते न्याय्य असतेच असे नाही. तरीही काही कंपन्यांना विज्ञानाच्या पदवीधरांचे मोल कळले. विप्रोने बिट्स पिलानीच्या सहकार्याने त्यांना नोकरीबरोबरच पुढील पदवी देणारी योजना काढली, आणि टाटा कन्सल्टन्सीनेही त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण सुरू केले.

म्हणून पिंगळीच्या मुलीने बी. एस्‌सी. केली म्हणजे दारे बंद झाली, असे मुळीच नाही. आज्ञावली लिहिणे, ती तपासणे, माहितीचे कोठार सांभाळणे ही कामे तिला मिळू शकतात. तिला एम. एस्‌सी. करता येते, त्यानंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयात अध्यापन करता येते. एम. सी. ए. पूर्वी तीन वर्षांची होती, ती आता दोन वर्षांची झाली आहे. तिच्यासाठी बारावीस अथवा पदवीस गणित असणे साधारणतः आवश्यक असते, म्हणून गणित टाकून देण्याची घाई करू नये. खरी अडचण निराळीच आहे. ज्या ठिकाणी प्रयोगवही एकमेकांची पाहून उतरविली जाते आणि यंत्रे कुलुपात असतात, तेथील पदवी कोरडीच राहते. आणि हा दोष अभियांत्रिकी महाविद्यालयांतही आढळत नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी इमारत पाहण्याऐवजी प्रयोगशाळा आठवड्यातून किती तास उघडी असते, एवढे विचारले तरी पुष्कळ होईल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्य विषयाबरोबर निराळ्या शाखेचा दुय्यम विषय घेण्यास वाव दिला आहे. संगणकाबरोबर मराठी किंवा संस्कृत घेणारा विद्यार्थी आता नियमबाह्य ठरत नाही.

अशा जोडणीतून काय निघते, हे रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या कार्यात दिसते. ते कवी आणि सुलेखनकार, मुंबईच्या आय. आय. टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अध्यापन केले. संगणकावरील देवनागरीचा ‘मंगल’ हा टंक त्यांनी घडविला. सरकारी कचेऱ्यांतील असंख्य मराठी पत्रे त्याच अक्षरांत टंकित होत आली आहेत. देवनागरीची खोड अशी, की ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण लिहिताना तो आधी काढावा लागतो. आणि ‘र्क’ मधला र आधी उच्चारला तरी पुढील अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. हे सारे यंत्राला एकेक नियम करून सांगावे लागते. ते नियम व्यवस्थित सांगण्यास व्याकरण, अक्षरांचे वळण आणि आज्ञावली या तिन्हींची जाण एकत्र यावी लागते.