मोबाइलवर तानपुरा फुकट मिळतो, मग मिरजेत तो अजून हातानं का घडवतात?

गाण्याच्या क्लासमध्ये आता तानपुऱ्याचं ॲप सर्रास वापरलं जातं. तरीही मोठ्या मैफलीत गायकाच्या मागे दोन लाकडी तानपुरे दिसतात. त्यातले बरेचसे सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत तयार झालेले असतात.

मिरजच का?
मिरजेतले शिकलगार मूळचे शस्त्रं घडवणारे कारागीर. तलवारींची मागणी घटली आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब यांच्यासारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. आजही अनेक घरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या सुरू आहे.

तानपुरा बनतो कसा?
सुरुवात शेतातून होते. यासाठी लागणारा कडू भोपळा खाण्याचा नसतो. पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून येणारा हा भोपळा पूर्ण वाळवतात, कापून आतला गर काढतात. त्याला लाकडी गळा आणि पोकळ दांडी जोडतात. तोंडावर पातळ लाकडी तबली बसते. मग नक्षी, पॉलिश, खुंट्या आणि तारा.

तबली सपाट का नसते?
तारा भोपळ्याच्या तळाशी अडकवलेल्या असतात आणि घोडीवरून जाताना तबली खाली दाबतात. मधे किंचित फुगीर असलेली तबली हा दाब सहन करते आणि तरी थरथरत राहते. व्हायोलिन आणि ‘आर्चटॉप’ गिटारच्या कमानदार पाटीमागेही हाच विचार आहे.

खरी अडचण खालच्या स्वरांची असते. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा स्वर विजेशिवाय मोठा करायला गिटारच्या आकाराची लाकडी पोकळी अपुरी पडते. म्हणूनच बहुतेक बास गिटार ॲम्प्लिफायरला जोडाव्या लागतात. पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ७० कंपनांच्या आसपास असतो. तिथे मदतीला येते जवारी.

जवारी म्हणजे काय?
तानपुऱ्याची घोडी रुंद असते. तिचा माथा कानसेनं घासून अगदी हलका उतार देतात. तार त्याला पुसटशी घासत कंप पावते आणि मूळ स्वरासोबत वरचे अनेक स्वर उमटतात. तारेखालचा सुती दोरा मागेपुढे सरकवून हा झंकार नेमका जुळवतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीच्या वेगळेपणावर शोधनिबंध लिहिला होता. घासणं थोडं जास्त झालं तरी आवाज बिघडतो. हे मोजपट्टीनं होत नाही, कानानंच ठरतं.

पुढे काय?
२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला स्वतंत्र भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे इतर ठिकाणचं वाद्य ‘मिरजेचं’ म्हणून विकता येत नाही. नाव सुरक्षित झालं. पण जवारी काढायला कान तयार व्हावा लागतो आणि त्यात वर्षं जातात. तेवढी वर्षं देणारी पुढची पिढी मिळेल का, हा प्रश्न कोणतंही मानांकन सोडवत नाही.