२०२४ वायआर ४ : पृथ्वीची वाट ओलांडणारा लघुग्रह

फेब्रुवारी २०२५ मध्ये जगाच्या नकाशावर आखलेला एक अरुंद पट्टा वृत्तपत्रांतून झळकला. पूर्व पॅसिफिकमधून निघून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडत तो दक्षिण आशियापर्यंत पोहोचत होता. मुंबईचे नावही त्यात घेतले जात होते. '२०२४ वायआर ४' हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळलाच, तर तो या पट्ट्यात कोठेतरी आदळेल, एवढाच त्या रेषेचा अर्थ होता.

हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील 'ॲटलस' दुर्बिणीला दिसला. त्याचे रुक्ष नाव म्हणजे जन्मदाखलाच आहे : २०२४ च्या डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नोंदला गेलेला ११७ वा लघुग्रह. विशेष म्हणजे, तो सापडला तेव्हा पृथ्वीजवळून निघूनही गेला होता. दोनच दिवसांपूर्वी, २५ डिसेंबरला, तो सुमारे ८ लाख २९ हजार किलोमीटर अंतरावर होता. सूर्याच्या दिशेने आल्यामुळे दिवसाच्या उजेडात तो कोणालाच दिसला नाही.

त्याची कक्षा समजून घेण्यासाठी कोथरूडचाच आधार घेऊ. कर्वे पुतळ्यापाशी सूर्य आहे, असे माना आणि सूर्य ते पृथ्वी हे सुमारे १५ कोटी किलोमीटरचे अंतर एक किलोमीटर धरा. या मापात सूर्य नऊ मीटर व्यासाचा, म्हणजे तिमजली घराएवढा होईल. पृथ्वी मोठ्या मोसंब्याएवढी असेल आणि चंद्र तिच्यापासून अडीच मीटरवर फिरेल. पृथ्वीची वाट जवळजवळ वर्तुळाकार, पण वायआर ४ ची लांबट लंबवर्तुळाकार आहे. उपसूर्य बिंदूपाशी तो पुतळ्यापासून ८५० मीटरवर येतो, तर अपसूर्य बिंदूपाशी जवळपास ४.२ किलोमीटर दूर, थेट चांदणी चौकापलीकडे जातो. गुरू ५.२ किलोमीटरवर असेल, हे लक्षात घेतले तर ही फेरी किती लांबची आहे, ते कळते. लघुग्रह स्वतः मात्र या मापात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान ठरेल.

या फेरीला त्याला जवळजवळ बरोबर चार वर्षे लागतात. शिवाय त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी जेमतेम साडेतीन अंशांनी कललेली आहे. ज्या ठिकाणी तो पृथ्वीची वाट ओलांडतो, तेथे पृथ्वी दर डिसेंबरात पोहोचतेच. म्हणूनच २०२४, २०२८ आणि २०३२ या तिन्ही वर्षांत डिसेंबर महिनाच महत्त्वाचा ठरतो.

मग टक्केवारी वर-खाली का झाली? चार वर्षांच्या वाटेचा काही आठवड्यांचाच तुकडा पाहायला मिळाला होता. बोटभर कमान पाहून अख्खे लंबवर्तुळ काढायचे, तर सुरुवातीची किंचित चूक आठ वर्षांत लाखो किलोमीटरची होते. त्यामुळे २०३२ मधील लघुग्रहाची जागा एका बिंदूने नव्हे, तर एका लांबच लांब रेषेने दाखवावी लागते. पृथ्वी त्या रेषेवर होती. नवी निरीक्षणे आली तशी रेषा आखूड होत गेली. पण पृथ्वी अजून तिच्यावरच असल्याने रेषेतील पृथ्वीचा वाटा वाढला. जानेवारी २०२५ च्या अखेरीस शक्यता एक टक्क्यावर गेली आणि धोक्याच्या तोरिनो श्रेणीत त्याला ३ हा अंक मिळाला. १८ फेब्रुवारीला ती ३.१ टक्के झाली. पुढे रेषा आणखी आखडली, पृथ्वी तिच्याबाहेर पडली आणि २४ फेब्रुवारीपर्यंत शक्यता ०.००४ टक्क्यावर आली. मथळ्यांनी 'धोका वाढला' असे म्हटले, ते चूकच होते. लघुग्रह आपल्या वाटेने चालला होता. कमी होत होते ते आपले अज्ञान.

याआधी 'अपोफिस'च्या बाबतीतही हेच घडले होते. डिसेंबर २००४ मध्ये त्याने तोरिनो श्रेणीत ४ हा आजवरचा सर्वोच्च अंक गाठला होता. आता तो १३ एप्रिल २०२९ रोजी (भारतात १४ एप्रिलच्या पहाटे) भूपृष्ठापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, भूस्थिर उपग्रहांच्याही अलीकडून, सुखरूप निघून जाईल.

तरीही ही गणिते म्हणजे निव्वळ कुतूहलाचा विषय नव्हे. वेब दुर्बिणीने वायआर ४ चा आकार सुमारे ६० मीटर मोजला. ३० जून १९०८ रोजी सायबेरियातील तुंगुस्का येथे साधारण एवढ्याच पिंडाने हवेत फुटून सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचे अरण्य झोपवले. १५ फेब्रुवारी २०१३ च्या चेल्याबिन्स्कच्या स्फोटात पिंड अवघा २० मीटरच्या आसपास होता, तरी सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, तेही मुख्यतः फुटलेल्या काचांनी. महाराष्ट्राला तर पुराव्यासाठी दूर जायला नकोच. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशाच आघाताने झाले. कोथरूडलगतच्या टेकड्यांत दिसतो, त्याच काळ्या बेसॉल्ट खडकात ते खोदले गेले आहे.

लघुग्रहाची वाट बदलता येते, हेही सिद्ध झाले आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे 'डार्ट' यान डायमॉर्फसवर आदळले आणि त्याचा सुमारे बारा तासांचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून थोडा अधिक घटला. मात्र त्यासाठी काही वर्षांची पूर्वसूचना हवी. सूर्याच्या बाजूने येणारे पिंड नेमकी तीच देत नाहीत.

वायआर ४ डिसेंबर २०२८ मध्ये पुन्हा येईल. तेव्हा त्याचे अंतर सुमारे ८० लाख किलोमीटर असेल. आपल्या कोथरूडच्या मापात, त्या मोसंब्यापासून पन्नास-पंचावन्न मीटर.