पनवेल परिसरातील धोक्याचे इंग्रजी शब्द

पनवेल परिसरात धोक्याचे इंग्रजी शब्द एकदम आले नाहीत. बंदर, वीज, पोलीस, कारखाने, महामार्ग अशा प्रत्येक व्यवस्थेने आपापला शब्द आणला आणि त्याला कायद्याने एक ठरावीक वजन दिले. बोलीत आल्यावर हे शब्द एकमेकांत मिसळले. श्रेणी टिकून राहिली ती आकड्यांत आणि रंगांत.

याचे सर्वांत जुने आणि बोलके उदाहरण समुद्राचे आहे. गाढी नदीच्या खाडीवरचे पनवेल हे जुने बंदर. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यावर मुंबईहून पुण्याकडे जाणारे प्रवासी जलमार्गाने येथे उतरत आणि पुढे घाट चढत. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले आणि १८९८ मध्ये देशातील बंदरांसाठी वादळाच्या संकेतांची एकसमान पद्धत सुरू झाली. तिच्यात ‘कॉशन’, ‘वॉर्निंग’, ‘डेंजर’ आणि ‘ग्रेट डेंजर’ अशा चढत्या पायऱ्या असून संकेत १ ते ११ आहेत. पहिले दोन संकेत दूर समुद्रातील वादळासाठी, तिसरा आणि चौथा प्रत्यक्ष बंदरावर येऊ शकणाऱ्या वाईट हवेसाठी. ५, ६ आणि ७ हे तिन्ही ‘डेंजर’च. वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने किनारा ओलांडणार यावर त्यांतला आकडा ठरतो. ८ ते १० म्हणजे ‘ग्रेट डेंजर’. अकरावा संकेत सर्वांत भयावह म्हणावा लागेल, कारण इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला, असे तो सांगतो.

हे संकेत दिवसा डोलकाठीवर काळे शंकू आणि नळकांडी चढवून, रात्री लाल-पांढरे दिवे लावून देण्याची रीत होती. कोळ्यांनी मात्र त्याला ‘बावटा’ म्हटले. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे कळले की होड्या किनाऱ्याला घ्यायच्या. मूळ इंग्रजी शब्द ‘कॉशन’ की ‘वॉर्निंग’ हे कोणी विचारत नाही.

विजेच्या बाबतीत कायद्यानेच शब्दावर पूर्ण भरवसा ठेवला नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३५ व्या नियमाने धोक्याची पाटी हिंदी किंवा इंग्रजीबरोबर जिल्ह्याच्या स्थानिक भाषेतही असावी आणि तिच्यावर कवटी व हाडांचे चिन्ह असावे, असे बंधन घातले. म्हणून रोहित्राच्या कुंपणावर ‘डेंजर’, ‘खतरा’, ‘धोका’ आणि ‘४४० व्होल्ट’ एकत्र दिसतात. अक्षरओळख नसलेल्यालाही कवटी वाचता येते.

रसायनांच्या वाहतुकीत उलटे घडले. तळोजा औद्योगिक वसाहत, रसायनी, न्हावा-शेवा बंदर आणि कळंबोलीपासून सुरू होणारा द्रुतगती मार्ग यांमुळे या भागात टँकरची ये-जा अखंड चालते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अशा वाहनावर तीन ठिकाणी आपत्कालीन माहितीचा फलक लागतो. त्यावर पदार्थाचे नाव, त्याचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक आणि धोक्याच्या वर्गाचे चिन्ह असते. पेट्रोलचा क्रमांक १२०३. याच नियमांतील नववा नियम असा माल नेणाऱ्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहितावाचता येणे आवश्यक ठरवतो. चालकाची सोय त्यात पाहिली आहे. पण टँकर कलंडल्यावर सर्वांत आधी धावून येतात ते जवळच्या गावातले लोक, आणि त्यांच्यासाठी त्या फलकाचा अर्थ सहसा बंदच राहतो. ही उणीव गंभीर आहे.

पावसाळ्यात भाषा आणखी बदलते. गाढीसारख्या नद्यांना ‘इशारा पातळी’ आणि ‘धोका पातळी’ असे दोन टप्पे असतात. ही मराठी जोडी स्वच्छ आहे आणि ती रुळलीही आहे. हवामान खात्याच्या इशाऱ्यांच्या रंगांना मात्र ‘यलो’, ‘ऑरेंज’, ‘रेड अलर्ट’ हीच नावे चिकटली. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पण पावसाचा इशारा जिल्ह्यासाठी असतो, दरड कोसळते ती एका वाडीवर. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. पावसाळ्यात धोका दरडीचाच नसतो; जुन्या, धोकादायक इमारतींनाही ‘सी-१’, ‘सी-२’ अशा श्रेणी लागतात. ‘सी-१’ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब पाडण्याजोगी.

रोजच्या बोलण्यात या शब्दांनी आपली जागा घेतली आहे. रिस्क घेतली जाते, अलर्ट राहिले जाते. ‘डेंजर’ हे तर विशेषण झाले: वळण डेंजर, गोलंदाज डेंजर, ठेचाही डेंजर. ‘वॉर्निंग’ साहेबाकडून मिळते आणि तिच्यात सावध करण्यापेक्षा दटावणी जास्त असते. वर्तमानपत्री ‘इशारा’ही असाच दुहेरी आहे. अतिवृष्टीचा इशारा काळजीपोटी दिला जातो, उपोषणाचा इशारा दबावासाठी.

उघड धमकीसाठी १८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘क्रिमिनल इंटिमिडेशन’ हा शब्दप्रयोग होता. त्याची व्याख्या कलम ५०३ मध्ये आणि शिक्षा ५०६ मध्ये होती. कायद्याच्या मराठीने त्याला ‘धाकदपटशा’ म्हटले, तर पोलीस ठाण्यात आणि कोर्टाच्या आवारात ‘पाचशेसहा’ हाच आकडा चालला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम ३५१ खाली येतो.