‘मुख्य हेतू’ची अट आणि ब्रिटनची न्यायालये

ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या पत्नीकडे राष्ट्रकुलातून येऊ पाहणाऱ्या नवऱ्यांची वाट गृहमंत्री जेम्स कॅलाहन यांनी जानेवारी १९६९ मध्ये जवळपास बंद केली. बायकांना नवऱ्याकडे येता येत होते, उलट मात्र चालत नव्हते. त्याच वर्षी झालेल्या इमिग्रेशन अपील्स कायद्याने व्हिसा नाकारला गेल्यास आधी ॲडज्युडिकेटरकडे आणि मग ट्रायब्युनलकडे दाद मागण्याची सोय केली. १९७४ मध्ये गृहमंत्री रॉय जेंकिन्स यांनी नवऱ्यांवरची बंदी उठवली. १९८० मध्ये थॅचर सरकारने ती वेगळ्या रूपात परत आणली: ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हाच लग्नाचा मुख्य हेतू असेल, तर व्हिसा नाही. १९८३ पासून तसा हेतू नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारीही अर्जदारावरच आली.

दिल्ली, मुंबई, इस्लामाबाद, ढाका येथील मुलाखतींत या अटीचा खरा अर्थ उलगडत गेला. आपल्याकडे मुलगी सासरी जाते. मग हा मुलगा बायकोच्या देशात का निघाला, तिनेच इकडे का येऊ नये, असे अधिकारी विचारत. घरजावई होण्याची तयारी म्हणजेच संशयाचा पुरावा. ठरवून झालेल्या लग्नात आधीचा सहवास नसतो, त्यामुळे प्रेमाचा दाखला कुठून आणायचा हाही प्रश्नच. समाजाची रीत त्याच समाजातल्या माणसाविरुद्ध वापरणे हा उघड अन्याय होता.

अपील हरल्यावर उरे ते उच्च न्यायालयातील न्यायालयीन पुनर्विलोकन. १९७७ च्या सुधारणेने त्याची कार्यपद्धती सोपी झाली, तरी आधी परवानगी घ्यावी लागे आणि मगच सुनावणी होई. लग्न खरे की खोटे, हे न्यायाधीश ठरवत नसत. ते तीन गोष्टी पाहत: कायद्याचा अर्थ चुकला का, कार्यपद्धतीत अन्याय झाला का, आणि निर्णय कोणत्याही समंजस माणसाने घेतलाच नसता इतका अतार्किक आहे का. न्यायाधीश लॉर्ड डिप्लॉक यांनी १९८४ मध्ये ही तीन कारणे सुटसुटीतपणे मांडली. याचिका जिंकली तरी व्हिसा हाती येत नसे. आदेश रद्द होऊन प्रकरण फेरविचारासाठी परत जाई, आणि नव्या कारणांनिशी पुन्हा नकारही येऊ शके.

एका भारतीय तरुणाच्या प्रकरणात १९८५ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की लग्न खरे असणे आणि त्याचा मुख्य हेतू हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. म्हणजे संसार खरा असूनही माणूस बाहेरच राहू शकत होता. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने या कडकपणाला थोडी मुरड घातली: लग्नानंतरची पत्रे, भेटीगाठी, मूल यांवरून लग्नाच्या वेळच्या हेतूवरही प्रकाश पडतो. १९८८ मध्ये न्या. बिंगहॅम यांनी तोवरच्या निकालांतून दहा सूत्रे काढली, आणि वकिलांना त्यांचा मोठा आधार झाला. अट मात्र शाबूत राहिली.

दरम्यान ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या तीन स्त्रिया स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. मे १९८५ मध्ये त्या न्यायालयाने हे नियम लिंगभेद करणारे ठरवले. सरकारने भेद दूर केला, पण कसा? नवऱ्यांना मोकळीक देण्याऐवजी त्याच अटी बायकांनाही लावून! अखेर जून १९९७ मध्ये नवे गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी ‘मुख्य हेतू’ची अट रद्द केली. न्यायालयांना इतक्या वर्षांत जे जमले नाही, ते सत्तांतराने महिनाभरात झाले.

मानवी हक्क कायदा २००० मध्ये लागू झाल्यावर न्यायालयांचे हात बळकट झाले. दोघांचेही वय किमान २१ हवे, या नियमाविरुद्ध २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. २०१२ मध्ये ब्रिटनमधील जोडीदारासाठी वर्षाला किमान १८,६०० पौंड उत्पन्नाची अट आली. ती तत्त्वतः वैध आहे, पण मुलांच्या हिताचा पुरेसा विचार नियमांत नाही, असे २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले. नियमांत त्यानुसार दुरुस्ती झाली, आकडा मात्र तसाच राहिला. एप्रिल २०२४ मध्ये तो २९,००० पौंडांवर नेण्यात आला.