संग्रामपूरचीं आग्यामोहोळें व मधमाशांच्या रोगांचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यांतील संग्रामपूर तालुक्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या रांगांनीं व्यापलेला असून अंबाबरवा अभयारण्य याच तालुक्यांत आहे. कडेकपारी व उंच वृक्ष हीं आग्यामाशीचीं स्वाभाविक वसतिस्थानें होत. मधमाशांच्या रोगांचा अलीकडील इतिहास हा मुख्यत्वें मनुष्यानें घडविलेल्या माशांच्या स्थलांतराचा इतिहास आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इ. स. १९०४ मध्यें औडेमान्स या डच शास्त्रज्ञानें जावा बेटांतील माशीवर आढळलेल्या एका सूक्ष्म कोळ्याचें वर्णन करून त्यास ‘व्हरोआ’ हें नांव दिलें. ती माशी म्हणजे आपल्या सातेरीचीच जात. सातेरीच्या पोळ्यांत हा कोळी बहुधा नरांच्या घरांतच वाढतो व माशा तो अंगावरून वेंचून काढतात. म्हणून दोघेही टिकले. पुढें मनुष्यानें आशियांत आणलेल्या युरोपीय माशीवर तो गेला. तेथें तो कामकरी माशांच्या घरांतही वाढूं लागला व वसाहती खचूं लागल्या. हा घातक कोळी निराळ्या जातीचा आहे, हें अँडरसन व ट्रूमन यांनीं २००० सालीं दाखविलें. भारतांत युरोपीय माशी १९६२ मध्यें कांगड्यांतील नगरोटा येथें प्रथम यशस्वीपणें रुजली.

सातेरीवरही असेंच संकट आलें. थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगांत अळीस शेवटची कात टाकतां येत नाहीं व ती पाण्यानें भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. हा रोग १९७६ मध्यें थायलंडांत व १९७८ मध्यें ईशान्य भारतांत आढळला. १९९१-९२ मध्यें दक्षिण भारतांतील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती त्यानें नष्ट केल्या.

आग्यामाशीचा पिढीजात परजीवी ‘ट्रोपिलेलॅप्स’ हा कोळी होय. तो अळ्यांवरच पोसला जातो; अळ्यांवांचून फार दिवस जगत नाहीं. आग्यामाशी ऋतुमानाप्रमाणें पोळें सोडून दूर जाते, तेव्हां अळ्यांचा खंड पडून कोळ्याचा जोर ओसरतो. पेटींतील युरोपीय माशीस असा खंड क्वचितच मिळतो. यामुळें तोच कोळी तिला मारक ठरतो. भटकणें हेंच आग्यामाशीचें औषध होय.

यावरून सातपुड्याच्या पायथ्याशीं परक्या पेट्या ठेवणें हा केवळ पेटीवाल्याचा प्रश्न राहत नाहीं. रानांतील कोळी पेटींत व पेटींतील रोग रानांत जाण्याचा मार्ग दोन्हीकडून खुला होतो. आणतांना अळ्यांचीं घरें तपासावीं, रोगी वसाहती वेगळ्या ठेवाव्या, व पेट्या कोठून आणि केव्हां आल्या याची नोंद गांवोगांव ठेवावी. पुढील रोगाचें मूळ शोधणारास तीच नोंद अस्सल कागदाप्रमाणें उपयोगी पडेल.