आबे फारिया आणि झोपेचे कारण

बी.ए.ला मानसशास्त्र हा विषय ज्यांनी घेतला असेल त्यांना पहिल्या वर्षाचे पुस्तक आठवत असेल. अवधान, संवेदन, प्रेरणा, स्मरण, विस्मरण... एकेक संकल्पना व्याख्येसकट यायची आणि परीक्षा झाली की व्याख्येसकट जायची. माझ्याही बहुतेक गेल्या. 'सूचना' ही एक मात्र राहिली. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट पुरावा न मागता मनाने मान्य करणे आणि शरीराने त्याप्रमाणे वागणे, अशी तिची सोपी व्याख्या. संमोहनाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. आमच्या पुस्तकात तिच्या इतिहासाला एक परिच्छेद दिला होता आणि त्यात मेस्मर, ब्रेड, शार्को, फ्रॉइड अशी नावे होती. कांदोळीच्या माणसाचे नाव नव्हते.

हा माणूस म्हणजे जुझे कुस्तोदियो दे फारिया, आपले आबे फारिया. गोव्यात हे नाव न ऐकलेला माणूस विरळा. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे, मडगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पण त्यांनी नेमके केले काय, असे विचारले तर 'हिप्नॉटिझमचा शोध लावला' एवढेच उत्तर मिळते. माणसांना असे झोपवणे तर त्यांच्या आधीपासून चालू होते. मग त्यांचे वेगळेपण कशात? ते समजायला आधी अठराव्या शतकातल्या पॅरिसला जावे लागेल.

फ्रान्झ मेस्मर हा व्हिएन्नातला डॉक्टर १७७८ साली पॅरिसला आला. विश्वात एक अदृश्य द्रव भरून राहिला आहे, तो शरीरात अडला की माणूस आजारी पडतो आणि जाणता माणूस हातवारे करून तो मोकळा करू शकतो, असा त्याचा सिद्धांत होता. या शक्तीला तो 'प्राणिज चुंबकत्व' म्हणे. मोठ्या लाकडी टबाभोवती रोगी बसत, टबातून निघालेल्या लोखंडी सळ्या दुखऱ्या भागाला लावत. कोणाला आचके येत, कोणाला रडू कोसळे, आणि कित्येकांना खरोखरच बरे वाटे. सारे पॅरिस त्याच्या दारात लोटले.

१७८४ साली सोळाव्या लुईने चौकशी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्यासारखी माणसे होती. त्यांचा एक प्रयोग फार सुंदर आहे. पासी येथे फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या एका शिष्याने एका झाडात हा द्रव 'भरला'. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडाला मिठी मारायला लावले. चौथ्या झाडापाशी मुलगा बेशुद्ध पडला. भरलेले झाड तर दूरच राहिले होते! आयोगाने निष्कर्ष काढला की द्रव वगैरे काही नाही, हा कल्पनेचा खेळ आहे. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर शेरा मारून फाईल बंद केली.

पण मुलगा बेशुद्ध पडला होता हे तर खरे ना? मग द्रव नसताना तो पडला कसा? हा प्रश्न फाईलमध्येच राहिला. त्याच वर्षी मेस्मरचा शिष्य मार्की द प्युसेग्यूर याला आपल्या गावच्या व्हिक्टर रास या शेतकरी तरुणात एक नवीनच प्रकार दिसला. आचके न येता तो शांत झोपेसारख्या अवस्थेत गेला आणि त्या झोपेत बोलू लागला. प्युसेग्यूरने द्रवापेक्षा इच्छेवर भर दिला. झोपवणाऱ्याची इच्छाशक्ती हे सारे करते, असे त्याचे मत. म्हणजे द्रव म्हणा की इच्छा म्हणा, शक्ती होती ती झोपवणाऱ्याच्या अंगी.

आता फारियांकडे येऊ. त्यांचा जन्म कांदोळीला ३१ मे १७५६ रोजी झाला. वडील कायतान व्हितोरिनो कोलवाळचे, आई रोझा मारिया कांदोळीची. दोघांचे पटले नाही. ती वेगळी झाली. आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली आणि वडील पाद्री झाले. १७७१ साली बापलेक लिस्बनला गेले. पुढे रोमला शिकून मुलगा १७८० मध्ये पाद्री झाला, धर्मशास्त्राचा डॉक्टरही झाला. लिस्बनला परतल्यावर राणी मारियासमोर प्रवचन द्यायला उभे राहिले तेव्हा त्यांची वाचा बसली आणि वडिलांनी हळूच कोंकणीत म्हटले, 'कातर रे भाजी!' समोरची बडी मंडळी म्हणजे भाजीपाला समज आणि काप, असा अर्थ. मुलगा घडाघडा बोलू लागला. ही कथा गोव्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. खरी की रचलेली हा वाद बाजूला ठेवू. सूचनेचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

१७८७ साली गोव्यात पिंतोंचा कट उघडकीला आला. गोमंतकीय पाद्र्यांना वरची पदे मिळत नव्हती, हे त्यामागचे एक मोठे कारण. लिस्बनमधल्या वडिलांवरही संशय आला. १७८८ मध्ये मुलाने पॅरिस गाठले. पुढची वर्षे राज्यक्रांतीच्या धामधुमीत गेली. मधल्या काळात दक्षिण फ्रान्समध्ये त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले आणि १८१३ साली पॅरिसला रू द क्लिशी या रस्त्यावर, पाच फ्रँक तिकीट लावून, जाहीर प्रयोग सुरू केले.

पद्धत अगदी साधी होती. माणसाला खुर्चीवर बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे आणि थोड्या वेळाने मोठ्या आवाजात आज्ञा करायची, 'दॉर्मे!' म्हणजे 'झोपा!' नाही जमले तर पुन्हा. तरीही नाही जमले तर उघडा तळहात समोर धरून त्यावर नजर लावायला सांगायचे आणि हात हळूहळू जवळ आणायचा. टब नाही, सळ्या नाहीत, अंगावरून हात फिरवणे नाही.

आणि हे करून ते प्रेक्षकांना सांगत की माझ्या अंगी काहीही शक्ती नाही! माझ्यातून द्रव निघत नाही, माझ्या इच्छेनेही काही होत नाही. झोपेचे कारण झोपणाऱ्यामध्येच आहे. त्याचे मन एकाग्र होते, इंद्रियांवरून निघून आत वळते आणि त्याला झोप लागते. या अवस्थेला ते 'सुबोध निद्रा' अशा अर्थाचे नाव देत. जो तयार नाही त्याला जगातला कोणीही झोपवू शकत नाही. ब्रँडी समजून प्यालेले पाणीसुद्धा माणसाला झिंग आणते, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. औषधाच्या गुणात रोग्याच्या विश्वासाचा वाटा किती, हे तपासण्यासाठी आज नव्या औषधाच्या चाचणीत काही रोग्यांना नुसती साखरेची गोळी देतात. फारियांचे पाणी आणि ही गोळी यांत फरक थोडाच आहे.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. काहींना लवकर झोप लागते आणि काहींना लागतच नाही, याचे कारण ते रक्ताच्या पातळपणात शोधत. ते टिकले नाही. पण मूळ मुद्दा टिकला.

पॅरिसने मात्र तेव्हा त्यांना टिकू दिले नाही. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत डोळे उघडले आणि त्यांचे हसे केले, असे सांगतात. १८१६ साली या वेडावर एक प्रहसनच रंगभूमीवर आले. चुंबकत्ववाले त्यांच्यावर चिडले, कारण त्यांनी द्रव नाकारला. धर्मातल्या लोकांनाही हा प्रकार पाखंड वाटला. प्रयोग बंद पडले. मग त्यांनी पुस्तक लिहायला घेतले, नाव ठेवले 'सुबोध निद्रेच्या कारणाविषयी'. मुखपृष्ठावर आपल्या नावापुढे 'ब्राह्मण' असे लिहायला ते विसरले नाहीत! पुस्तक १८१९ साली निघाले आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते वारले. पॅरिसमध्ये त्यांच्या थडग्याची खूणसुद्धा राहिली नाही.

१८४३ साली जेम्स ब्रेडने आपल्या पुस्तकातून 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला. पुढे शार्को म्हणू लागले की संमोहन हे रोगट मज्जासंस्थेचे लक्षण आहे. नान्सीच्या बर्नहाइमनी ते खोडून काढले, हा सूचनेचा परिणाम आहे आणि तो निरोगी माणसावरही होतो असे दाखवले, आणि या मार्गाचे पहिले श्रेय फारियांना दिले. १८८९ मध्ये तरुण फ्रॉइड या बर्नहाइमना भेटायला नान्सीला गेला होता. १९०६ साली डॉ. दालगादो या गोमंतकीयाने फारियांचे चरित्र फ्रेंचमध्ये लिहिले. १९२५ मध्ये एगास मोनिझ या पोर्तुगीज डॉक्टरने त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. या मोनिझना पुढे १९४९ साली नोबेल मिळाले. जगाला मात्र माहीत आहेत ते आलेक्सांद्र द्युमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे ख्रिस्टो'मधले, कैदेत पडलेले फारिया. तिथे ते इटालियन आहेत!

आता आपल्या पुतळ्याकडे पाहू. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेले हे शिल्प अतिशय देखणे आहे यात शंका नाही. पायघोळ झग्यातले फारिया पुढे झुकलेले, दोन्ही हात पसरलेले आणि समोर एक स्त्री कोसळत असलेली. पाहणाऱ्याला वाटते, त्या हातांतून काहीतरी निघते आहे. आणि 'माझ्या हातातून काही निघत नाही' हेच तर त्यांनी आयुष्याच्या शेवटापर्यंत ओरडून सांगितले होते. आपण त्यांचा गौरव केला तो त्यांनीच खोडून काढलेल्या मेस्मरच्या थाटात.

ही शिल्पकाराची चूक मी मानत नाही. एकाग्रतेचा पुतळा कसा घडवणार? पण शक्ती दुसऱ्याच्या हातात आहे असे मानणे आपल्याला सोयीचे वाटते हे खरे. सत्तरीत शिगम्याला गडे पडतात, देवळात ढोल-ताशा घुमू लागला की कोणाच्या अंगात अवसर येतो. काहीजण याला निव्वळ ढोंग म्हणून मोकळे होतात. फारिया वाचल्यावर तसे म्हणवत नाही. लहानपणापासून पाहिलेले, मनाने मान्य केलेले काहीतरी त्या क्षणी शरीर पाळत असते. ढोंग म्हणून आयोगासारखी फाईल बंद करणे सोपे, मनाचे काम पाहणे अवघड. फारियांनी ही विद्या इथल्या देवळांतून उचलली असे काहीजण अभिमानाने सांगतात, त्याला मात्र पुरावा नाही.

मला स्वतःला त्यांच्या विचाराचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटते. ज्या राज्यात जन्माने गोमंतकीय असलेल्या पाद्र्याला वरची पायरी चढू देत नव्हते, तिथला हा माणूस. आज्ञा देणाऱ्यात सामर्थ्य नसते, ती मानणाऱ्यात असते, हे पॅरिसच्या बड्या लोकांसमोर उभे राहून सांगणारा. त्यांच्या मनात राजकारण होते की नाही, कोण सांगणार? पण बाबा-बुवांच्या पायाशी बसणाऱ्याने, पुढाऱ्याच्या भाषणाला टाळ्या देणाऱ्याने आणि टीव्हीवरची जाहिरात पाहून साबण विकत घेणाऱ्याने हे वाक्य एकदा तरी स्वतःला म्हणून पाहायला हरकत नाही.