मुक्त शैली आणि अंतराची मर्यादा : स्त्रियांच्या दीर्घ पल्ल्याच्या जलतरणाचा इतिहास

जलतरणाच्या परिभाषेत 'मुक्त शैली' ही संज्ञा आता मराठीत चांगलीच रुळली आहे. तिचा नियमातील अर्थ एवढाच की, या शर्यतीत पोहणाराने कोणत्या पद्धतीने हातपाय चालवावेत याचे बंधन नसते. प्रत्यक्षात सर्वाधिक वेग देणारी 'क्रॉल' हीच पद्धत सारे स्वीकारतात, ही गोष्ट वेगळी. ही संज्ञा स्वातंत्र्य सांगते ते शैलीचे. किती अंतर पोहावे याविषयी ती काहीच बोलत नाही. स्त्रियांच्या बाबतीत हे अंतर दीर्घकाळ दुसऱ्या कोणी तरी ठरवून दिलेले होते. ही मर्यादा कशी पडली, कशी टिकली आणि तिच्यावरून इतिहासाच्या अभ्यासकाने कोणते अनुमान काढावे व कोणते काढू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम कालक्रम पाहू. पुरुषांची १५०० मीटरची शर्यत १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासून चालत आली आहे. स्त्रियांना ऑलिंपिक जलतरणात प्रवेश मिळाला तो १९१२ साली, स्टॉकहोम येथे. आणि तोही १०० मीटर व सांघिक शर्यत एवढ्यापुरताच. १९२० साली अँटवर्प येथे त्यांच्यासाठी ३०० मीटरची शर्यत झाली. १९२४ साली पॅरिस येथे ती ४०० मीटर करण्यात आली. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे ही सीमा हलली नाही. १९६८ साली मेक्सिको येथे ८०० मीटरची शर्यत आली. तिच्यापुढील पाऊल, म्हणजे १५०० मीटर, पडावयास टोकियो ऑलिंपिक उजाडावे लागले. ते २०२० चे म्हणून ओळखले जात असले तरी भरले २०२१ साली. अमेरिकेच्या केटी लेडेकीने ती शर्यत १५ मिनिटे ३७.३४ सेकंदांत जिंकली. पुरुषांची शर्यत आणि स्त्रियांची शर्यत यांत ११३ वर्षांचे अंतर पडले.

केवळ हा कालक्रम पाहणाऱ्याचा असा समज होणे शक्य आहे की, स्त्रियांची शारीरिक क्षमता हळूहळू वाढत गेली आणि त्या मानाने शर्यतीचे अंतर वाढविण्यात आले. हा समज पुराव्यास उतरत नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील ४०० मीटरच्या शर्यतीचा निकालच त्यासाठी पाहावा. पहिल्या तिन्ही क्रमांकांवर अमेरिकन मुली होत्या : मार्था नोरेलियस, हेलन वेनराइट आणि गर्ट्रूड एडर्ली. यांपैकी वेनराइट हिच्या नावावर १९२२ सालीच स्त्रियांच्या १५०० मीटरचा विश्वविक्रम नोंदला गेला होता. तिला २५ मिनिटे ६.६ सेकंद लागले होते. एडर्ली हिने पॅरिसनंतर दोनच वर्षांनी, ६ ऑगस्ट १९२६ रोजी, इंग्लिश खाडी पोहून पार केली. तिला साडेचौदा तासांच्या आसपास वेळ लागला. तिच्यापूर्वी खाडी पार करणाऱ्या पाचही पुरुषांना याहून अधिक वेळ लागला होता. म्हणजे ज्या शर्यतीत स्त्रियांसाठी ४०० मीटर हे कमाल अंतर मानले गेले, तिच्याच विजेत्यांमध्ये एक १५०० मीटरची विक्रमधारक होती, तर दुसरी लवकरच पुरुषांचा खाडीतील उच्चांक मोडणार होती.

पुढेही हेच चित्र दिसते. १९६८ साली पहिली ८०० मीटरची शर्यत जिंकणारी डेबी मायर ही त्या वेळी स्त्रियांच्या १५०० मीटरचीही विश्वविक्रमधारक होती. पण त्या अंतराची शर्यतच ऑलिंपिकमध्ये नव्हती. मार्च १९८८ मध्ये जॅनेट इव्हान्सने १५०० मीटर अंतर १५ मिनिटे ५२.१० सेकंदांत कापले. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये माइक बर्टनने पुरुषांचे सुवर्णपदक मिळविले ते १५ मिनिटे ५२.५८ सेकंदांत. सोळा वर्षांपूर्वीच्या पुरुष विजेत्यापेक्षा सरस वेळ देणाऱ्या या मुलीला त्याच वर्षी सोल येथे ८०० मीटरवर थांबावे लागले. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेने स्त्रियांची १५०० मीटरची शर्यत २००१ साली फुकुओका येथे स्वीकारली. ऑलिंपिकने त्यानंतरही वीस वर्षे घेतली.

मर्यादेची कारणे सर्व काळ एकच होती असे मात्र म्हणता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्त्रीदेहाला दीर्घ श्रम झेपत नाहीत, ही समजूत निर्णायक होती. १९२८ साली ॲम्स्टरडॅम येथे स्त्रियांची ८०० मीटर धावण्याची शर्यत झाली. शेवटी काही धावपटू थकून पडल्याचा गवगवा झाला आणि ती शर्यत १९६० पर्यंत कार्यक्रमातून वगळण्यात आली. शर्यतीनंतर दमलेला पुरुष हा पराक्रमी, आणि दमलेली स्त्री हा मात्र शर्यत बंद करण्याचा पुरावा, असा हा न्याय होता. उत्तरार्धात ही समजूत ओसरली. पण एकदा आखलेला कार्यक्रम आपल्याच भाराने टिकून राहिला. याचे उत्तम उदाहरण असे की, खुल्या पाण्यातील १० किलोमीटरची स्त्रियांची शर्यत ऑलिंपिकने २००८ साली बीजिंग येथे घेतली; तरणतलावातील दीड किलोमीटर मात्र त्यानंतर तेरा वर्षांनी. क्षमतेची शंका हेच कारण असते, तर हा क्रम उलटा लागला असता. मूळ कारण नाहीसे झाल्यावरही त्यातून निर्माण झालेली व्यवस्था चालू राहते, हे भाषेच्या अभ्यासकास नवीन नाही.

आता भारताकडे वळू. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारतीय संघात चार स्त्रिया होत्या; त्यांपैकी मुंबईची डॉली नझीर आणि कलकत्त्याची आरती साहा या दोघी जलतरणपटू. आरती साहा त्या वेळी बारा वर्षांचीही नव्हती, आणि तिची शर्यत २०० मीटरची होती. हीच आरती साहा २९ सप्टेंबर १९५९ रोजी, आधीचा एक प्रयत्न फसल्यानंतर, इंग्लिश खाडी पार करणारी पहिली आशियाई स्त्री ठरली. तिला १६ तास २० मिनिटे लागली. महाराष्ट्रातही हा प्रवाह पुढे चालू राहिला. मुंबईच्या अनिता सूदने १९८७ साली हीच खाडी ८ तास १५ मिनिटांत पार केली, आणि १९९४ साली मुंबईचीच रूपाली रेपाळे अवघ्या बाराव्या वर्षी त्या पाण्यात उतरून पलीकडे पोहोचली. याउलट ऑलिंपिकच्या मुक्त शैलीत निशा मिलेट (२०००), शिवानी कटारिया (२०१६) आणि धिनिधी देसिंघू (२०२४) या तिघीही उतरल्या त्या २०० मीटरसाठी. दीर्घ पल्ल्याच्या भारतीय स्त्रीचा इतिहास लिहावयाचा तर तो केवळ ऑलिंपिकच्या निकालपत्रांवरून लिहिता येणार नाही. त्याची मोठी प्रकरणे समुद्रात घडली आहेत.

येथे भाषेचा एक दाखला उपयोगी पडेल. मराठीत निष्णात माणसाला 'पट्टीचा पोहणारा' म्हणतात. 'पट्टीची पोहणारी' हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही क्वचितच कानी पडतो. पाठीला डबा किंवा सुके भोपळे बांधून विहिरीत ढकलला जाणारा शिकाऊ हाही आपल्या गोष्टींतून बहुधा मुलगाच असतो. याउलट 'जलतरणपटू' हा अलीकडचा संस्कृतप्रचुर शब्द लिंगभेद मानीत नाही. तो जलतरणपटू आणि ती जलतरणपटूच. यावरून, पूर्वी मराठी मुलुखातील स्त्रिया पोहत नव्हत्या असे म्हणावे काय? तसे म्हणणे म्हणजे ऑलिंपिकच्या कार्यक्रमावरून वेनराइटची क्षमता ठरविण्यासारखे होईल. वाक्प्रचार हा कोणाची दखल घेतली गेली याचा पुरावा असतो. कोण काय करीत होते याचा पुरावा असतोच असे नाही.

हा भेद आपल्या परिसरातील संशोधनासही लागू पडतो. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे कारखानदारी चाकणपर्यंत पसरली, आणि १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. पवना आणि इंद्रायणी यांच्या काठची गावे शहरात विरत गेली. नद्यांवर जलपर्णी आणि फेस आला. परिणामी पोहण्याची जागा घाटावरून व डोहावरून तरणतलावात आली. शेजारच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी क्रीडासंकुल उभे राहिले आणि तेथेच २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा भरल्या. पण नदीतून तलावात येणे म्हणजे केवळ जागेचा पालट नव्हे. नदीला वेळापत्रक नसते. तलावाला तुकड्या असतात, महिलांसाठी राखून ठेवलेली वेळ असते. पन्नास मीटरच्या तलावात १५०० मीटर म्हणजे तीस लांब्या, पंचवीस मीटरच्या तलावात साठ. आणि हे झाले केवळ शर्यतीचे अंतर. सरावाचे अंतर त्याच्या कितीतरी पट असते. जिथे पाण्यात घालवावयाचा वेळ आधीच मोजून दिलेला आहे, तिथे दीर्घ पल्ला नियमाने नव्हे, तर घड्याळाने बंद होतो.

म्हणून या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी पदकांच्या याद्यांपाशी थांबू नये. तलावांच्या नोंदवह्या, महिलांच्या तुकड्यांची वेळापत्रके, शालेय स्पर्धांत मुलामुलींसाठी ठेवलेली निरनिराळी अंतरे, आणि नदीकाठी वाढलेल्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडी आठवणी, ही सारी इतिहासाची साधने आहेत. यांतील शेवटचे साधन सर्वांत नाशवंत आहे. ते प्रथम गोळा केले पाहिजे. टोकियोत स्त्रियांची १५०० मीटरची शर्यत सुरू झाली, तेव्हा त्यांनी ते अंतर पहिल्यांदा कापले असे नव्हे. ते त्यांच्या नावे ऑलिंपिकच्या दप्तरात पहिल्यांदा लिहिले गेले. दप्तरात नोंद नाही एवढ्यावरून गोष्ट घडलीच नाही असे मानणे, ही चूक आपल्या नद्यांचा इतिहास लिहिताना आपण करू नये.